हिशेब बटणाबाहेर काढताना

जळगाव, मंगळवार, रात्री

जळगावजवळच्या एका जिनिंगमधील कापूस खरेदीचा प्रोग्रॅम सध्या माझ्याकडे आहे. भरलेली गाडी काट्यावर मोजायची, ओलावा पाहायचा, रिकामी गाडी पुन्हा मोजायची आणि निव्वळ वजनावर काटापट्टी छापायची, एवढेच त्याचे काम. पण ते सारे ‘पट्टी छापा’ या एका बटणामागे लिहिलेले आहे. तेच बटण काट्याचा आकडा वाचते, डेटाबेस उघडते, संगणकाला तारीख विचारते, कपात ठरवते आणि शेवटी प्रिंटरला हुकूम देते. पट्टी केवळ कागदावर निघत होती तोवर यात कोणाची अडचण नव्हती. आता शेठना तीच पट्टी शेतकऱ्याच्या मोबाइलवरही पाठवायची आहे, त्यामुळे हिशेबाची दुसरी नक्कल तयार करणे किंवा मूळ हिशेब बटणातून बाहेर काढणे, एवढे दोनच मार्ग उरतात. नक्कल केली तर पुढच्या हंगामात एकीत बदल होईल आणि दुसरी जुनीच राहील, याविषयी मला शंका नाही.

हिशेब आणि पडदा (म्हणजे संगणकाच्या स्क्रीनवर दिसणारा भाग) वेगळे करावेत हे बोलायला सोपे आहे, परंतु त्यांच्यामधील सीमारेषा नेमकी कोठून जाते हे ठरवण्यातच आजची संध्याकाळ गेली. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे एक टक्का भाव कमी होतो आणि १२ च्या वरचा माल घेतला जात नाही. या जिनिंगमध्येही कपात त्याच रीतीने धरतात. ओलावा १३ टक्के असेल तर पडद्यावर तो आकडा लाल दिसतो. माल नाकारायचा हा निर्णय हिशेबाचा आहे आणि लाल रंग पडद्याचा, पण जुन्या कोडमध्ये रंगावरूनच पुढे ठरते की पट्टी छापायची की नाही! पूर्णांकाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ८,११० रुपये भावाच्या कापसात १० टक्के ओलावा असेल तर भाव ७,९४७.८० रुपये होतो. १८.३५ क्विंटलचे १,४५,८४२.१३ रुपये होतात, परंतु भाव आधीच ७,९४८ करून गुणला तर १,४५,८४५.८० होतात. हजार-लाखांचे स्वल्पविराम कोठे द्यायचे हे पडद्याने खुशाल ठरवावे. रुपयाखालचे पैसे कोणत्या टप्प्यावर पूर्णांकात आणायचे हा मात्र व्यवहाराचा नियम आहे आणि तो पडद्याच्या हाती राहिला, तर कागदावरील पट्टी आणि खातेवही यांचा मेळ कधीच बसणार नाही.

ही विभागणी जुनी आहे. ट्रिग्वे रेन्स्काउग या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल (हिशेब), व्ह्यू (पडदा) आणि कंट्रोलर (वापरणाऱ्याच्या सूचना घेणारा भाग) अशी मांडणी केली. तिच्यातली एक दिशा मी घट्ट धरून आहे : पडद्याला हिशेब ठाऊक असावा, हिशेबाला पडदा ठाऊक नसावा.

तरीही केवळ कोड दुसऱ्या फाइलमध्ये हलवून भागत नाही, कारण बाहेर काढलेला हिशेब स्वतःच डेटाबेस उघडत आणि काटा शोधत राहिला, तर तो पूर्वीइतकाच जखडलेला राहतो. येथे डिपेंडन्सी इंजेक्शनचा उपयोग होतो. या पद्धतीला हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखाने रूढ झाले. पद्धत एवढीच की क्लासला, म्हणजे एक काम सांभाळणाऱ्या कोडच्या घटकाला, लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः तयार करू नयेत, त्या त्याला बाहेरून, शक्यतो कन्स्ट्रक्टरमधून (तो घटक तयार होताना चालणाऱ्या कोडमधून), द्याव्यात. काटा आणि डेटाबेस या गरजा कोणालाही दिसतात, घड्याळ मात्र सहसा सुटते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ८,११० झाला, आणि हंगाम १ ऑक्टोबरला पालटतो. तारीख हिशेबाच्या पोटातच घेतली असेल, तर हा बदल तपासण्यासाठी ऑक्टोबरची वाट पाहावी लागते किंवा संगणकाचे घड्याळ फिरवावे लागते. घड्याळ बाहेरून दिले, तर ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर या दोन्ही दिवसांच्या पट्ट्या टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, शेजारी शेजारी काढता येतात, आणि त्यासाठी काट्यावर गाडी असण्याचीही गरज उरत नाही, कारण वजनही आपणच दिलेले असते.

माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलाने विचारले, “दादा, मग एखादा कंटेनरच का घेऊ नये?” कंटेनर म्हणजे ही जोडणी आपोआप करून देणारे तयार साधन. मोठ्या प्रकल्पात तो जरूर घ्यावा, परंतु येथे प्रोग्रॅम सुरू होतो त्या एकाच ठिकाणी काटा, भावाचे कोष्टक, घड्याळ आणि हिशेब यांची जोडणी हाताने लिहिली तरी ती एका नजरेत वाचता येते, आणि मला ते वाचता येणे अधिक मोलाचे वाटते. प्रत्येक क्लाससाठी इंटरफेस (एकाच्या जागी दुसरा बसवता यावा म्हणून ठरवलेला सामाईक साचा) लिहिण्याचा त्याचा उत्साहही मी आवरला. काट्याला इंटरफेस हवा, कारण खरा काटा आणि टेस्टमधला काटा असे दोन आहेत, पण कपातीच्या नियमाचा दुसरा अवतार कोठेच नाही. पट्टीच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर फार लांब झाला, अशी त्याची तक्रार मात्र रास्त होती. ती लांबी इंजेक्शनमुळे आली नाही. तो क्लास पट्टीबरोबर शेतकऱ्याच्या उचलीचा हिशेबही सांभाळतो, हे इतके दिवस झाकलेले होते, ते उघडे पडले. उचल उद्या वेगळी करायची आहे.

वार्षिक अहवालाच्या पडद्यातही हिशेब आणि मांडणी अशीच एकमेकांत मिसळलेली आहे. तो अहवाल हंगाम संपल्यावर एकदाच निघतो आणि त्यात कोणी बदल मागितलेला नाही, म्हणून त्याला मी तूर्त हात लावणार नाही.