गोधडी अर्धी, मशीनचा भाव मात्र गुलदस्त्यात

गोधडीचा वरचा थर पूर्ण झाला. 60 बाय 80 इंच, आईच्या आणि काकूच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन, कडेला एका विरलेल्या माहेश्वरीचा काठ. अस्तराला इथल्या, इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मांजरपाट आणलं, मधे पातळ कापसाची शीट. तिन्ही थर जमिनीवर पसरून सेफ्टी पिना लावल्या आणि काम तिथेच अडलं.

घरच्या झिगझॅग मशीनवर सुई आणि मशीनचा खांब यांच्यात जेमतेम साडेसहा इंच जागा आहे. गुंडाळी केलेली गोधडी त्यातून मध्यापर्यंत जातच नाही. कडेच्या दोन ओळी मारून पाहिल्या, तर खालचे दाते अस्तर ओढतात, वरची साडी मागे राहते आणि चुण्या पडतात. चुण्यांवर वॉकिंग फूटचा, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे सरकवणाऱ्या दाबपायाचा उपाय आहे, जागेवर मात्र काहीच नाही. म्हणून फक्त सरळ टाका मारणारं, मोठ्या गळ्याचं मशीन घ्यायचं ठरवलं. इथून पुढे शिलाई कमी आणि भाव जास्त आहे, सांभाळून घ्या.

मॉडेल ठरवणं सोपं गेलं. भाव काढणं नाही. फोनवर कोणी आकडा सांगेल तर शपथ! "मॅडम, दुकान पर पधारो, रेट की चिंता मत करो." चिंता नेमकी रेटचीच होती. दुकानात गेलं की पहिला प्रश्न मशीनचा नसतोच. "बुटीक है क्या आपका?" हो म्हटलं तर एक भाव, शौक म्हटलं तर मला फुलं काढणाऱ्या कंप्युटराइज्ड मशीनकडे नेऊन बसवतात. मला फुलं काढायची नाहीत हो, सरळ रेघ मारायची आहे.

भाच्याला म्हटलं, तू त्याच दुकानात फोन कर. त्याने "भिया, लास्ट क्या लगाओगे?" एवढंच विचारलं, तर त्याच हेडचा (टेबल-मोटर सोडून नुसत्या मशीनचा) भाव माझ्यापेक्षा दीड हजारांनी खाली आला. "मावशी, तू फार नीट बोलतेस," हा त्याचा निष्कर्ष. सराफ्यात निदान सोन्याचा भाव सगळ्यांना एकच सांगतात, घासाघीस मजुरीवर होते. इथे सोनंही गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तोलतात.

आता घरगुती आणि इंडस्ट्रियल अशा दोन्हींच्या भानगडी.

घरगुती मशीनच्या खोक्यावर एम.आर.पी. छापलेली असते आणि ती सर्व करांसह असते. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी कितीही. त्यामुळे छापील आकडा चांगला फुगवलेला आणि "आपके लिए" म्हणून चार-पाच हजारांची सूट, हा नेहमीचा खेळ. त्यावरही एकाने मला एम.आर.पी.मधून सूट देऊन झाल्यावर "जीएसटी अलग, बारा परसेंट" असं ऐकवलं. कर आधीच आत धरलेला असताना तो परत कुठून आला? शिवाय शिलाई मशीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. हिशेब करून बघा: जुन्या दराने 22,400 ला मिळणाऱ्या मशीनची मूळ किंमत 20,000, आणि 5 टक्क्यांनी ते 21,000 ला पडायला हवं. हे तिथेच मोबाईलवर करून दाखवलं. "वो पुराना स्टॉक है," असं उत्तर आलं. कर विक्रीच्या दिवशीच्या दराने लागतो, माल कधी भरला त्यावर नाही. पुढचं वाक्य अपेक्षेप्रमाणे: "तो बिना बिल के ले जाओ ना." बिलाशिवाय वॉरंटी कार्डावर तारीख कसली टाकणार, हे विचारल्यावर चहा आला.

इंडस्ट्रियलचा प्रकार वेगळा. पाहिलेल्या हेडच्या खोक्यावर मला एम.आर.पी. दिसलीच नाही. जो भाव सांगतात तो नुसत्या हेडचा. मला 14,500 सांगितला होता. खोदून विचारल्यावर टेबल-स्टँड 3,800, मोटर 4,600, पोचवणं आणि फिटिंग 600. झाले 23,500. त्यातही मोटर कोणती, हे विचाराच. क्लच मोटर बटण दाबल्यापासून फिरतच राहते, तुम्ही शिवा की दोरा ओवत बसा. घरात तो गोंगाट नको वाटतो. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते आणि तिचा वेग बांधून ठेवता येतो, आपल्यासारख्यांना तीच बरी. स्वस्त भाव हमखास क्लचचा असतो. सुयाही वेगळ्या: इंडस्ट्रियलला गोल दांडीची डीबी सुई, घरच्या मशीनची एका बाजूने चपटी सुई तिथे चालत नाही. जमवलेली सुयांची पाकिटं या मशीनला उपयोगाची नाहीत, हेही खर्चात धरा.

एका दुकानदाराने त्याची बाजू मोकळेपणाने सांगितली. आकडा कागदावर दिला की गिऱ्हाईक तो घेऊन शेजारच्या दुकानात जातं, तिथला माणूस दोनशे कमी करतो, आणि मशीन बिघडलं की लोक पुन्हा याच्याकडे येतात. ऑनलाइनवाल्यांशी भावात टिकाव लागत नाही, सर्व्हिस मात्र फुकट मागतात. पटलं. पण मग सर्व्हिसचे पैसे वेगळे लिहा ना! लपवलेल्या भावामुळे फसतो तो नीट बोलणारा, आणि भाव करायला आलेल्याला सूट मिळते. आमच्याकडच्या कितीतरी बायका याच संकोचापायी पहिल्या आकड्याला हो म्हणून येतात.

शेवटी सियागंजच्या बाजूच्या एका रिपेअरिंगवाल्याकडून घेतलं. शोरूम नाही, दारात उघडी पडलेली हेडं. त्याने मागितल्याबरोबर पॅडवर हेड, टेबल, सर्वो, दिवा, वॉकिंग फूट, पहिली दोन तेलपाणी असं वेगवेगळं लिहून खाली सही केली. बेरीज भाच्याचा "लास्ट" धरून होणाऱ्या रकमेपेक्षा थोडी जास्त आली. कागदावर होती म्हणून मी ती न कुरकुरता दिली, आणि पक्कं बिलही मिळालं.

मशीन बसलं. गळा दहा इंचांच्या वर, गुंडाळी आरामात सरकते. सर्वोचा वेग सगळ्यात खाली बांधला आहे, तरी घरच्या मशीनच्या मानाने पळतंच. तुकड्यांवर 14 नंबरची सुई, सुती दोरा आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका बरा वाटला; तीनला विरलेली साडी जागोजागी दबून बसते. मधल्या सरळ ओळी मारून झाल्या, चुणी नाही. माहेश्वरीच्या काठावरून जाताना मात्र वॉकिंग फूट जरीवर घसरतो, तिथे बहुतेक हातानेच धावदोरा घालीन.