परड्यातल्या गादीवाफ्यांना अखेर चिराच लावला

आमचं घर राजापूर तालुक्यात, कातळाला लागून. घरामागच्या परड्यात पहार मारली की वीतभर मातीखाली दगडच वाजतो. जूनमध्ये तेवढ्याशा मातीत पाणी तुंबतं आणि मिरचीची रोपं मुळातून कुजतात. म्हणून उंच गादीवाफे करायचं ठरवलं, आतून 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद. रुंदी याहून वाढवू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये.

कडेने माती धरून ठेवायला पहिली चौकट पॅकिंगच्या फळ्यांची केली. स्वस्त पडली, एका दुपारी उभी राहिली. पुढच्या मे महिन्यात मुळा उपटताना आधारासाठी अंगठा फळीवर टेकला, तो सरळ आत गेला. वरचा रंग शाबूत होता. आत वाळवीने कागदासारखे पापुद्रे तेवढे शिल्लक ठेवले होते आणि त्यांच्यामधून ओल्या मातीच्या बारीक नळ्या गेलेल्या. फार वाईट वाटलं.

शेजारच्या काकांनी जळकं ऑइल फासायला सांगितलं. कुंपणाच्या खांबांना आमच्याकडे ते लावतात. पण ज्या मातीतली माठाची भाजी घरातली पोरं खाणार, तिथे मी ते लावणार नाही. मग बेटातला माणगा, म्हणजे आमच्याकडचा बांबू, उभा चिरून लावला. मातीत गाडलेला भाग दीड वर्षात गेला. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू छपराखाली चांगला टिकतो, पण ओल्या जमिनीत ते क्षार हळूहळू धुऊन जातात. गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे पडून होते. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, कापताना त्याचे तंतू उडून श्वासातून फुफ्फुसात जातात. त्यांना हातही लावला नाही.

वाट दाखवली ती पडवी दुरुस्त करायला आलेल्या गवंड्यांनी. मी चौकटीचं रडगाणं सांगितल्यावर ते म्हणाले, "वहिनी, मागचा गडगा बघा. आजेसासऱ्यांच्या वेळचा हाय. सिमेंटचा कण नाय त्यात."

रोज त्या गडग्यावर, चिऱ्यांच्या त्या कुंपणभिंतीवर, कपडे वाळत घालत होते मी! चिरा म्हणजे जांभा दगडाचा कापलेला ठोकळा; तो खाणीत मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारातल्या अशाच दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' नाव दिलं. वाळवी त्याला खात नाही आणि कोरडा रचला तर सांध्यांतून पाणी आपोआप निघून जातं. आमच्या पावसात हे सगळ्यात महत्त्वाचं.

खाणीवरून नवा चिरा आणायचा तर दगडापेक्षा टेम्पोचं भाडं जड. म्हणून वाडीत कोण जुनं बांधकाम काढतंय याची चौकशी केली. एका पाडलेल्या गोठ्याचे चिरे 15 रुपयांना एक असे मिळाले. ऑइलपेंट लागलेले मी बाजूला काढले, बाकीच्यांची माती खरवडली. चिरा 14 इंच लांब, 9 रुंद, 7 जाड. कडेवर उभा लावला की एका थरात 9 इंच उंची मिळते आणि एका वाफ्याला 23 चिरे लागतात. फुटतुटीसाठी दोन जादा घेतले, म्हणजे 375 रुपये. एकेक चिरा 30 किलोच्या आसपास भरतो, तेव्हा उचलायला दुसरं माणूस हवंच.

पहिला वाफा मी भुसभुशीत मातीवरच मांडला आणि जुलैच्या एका झडीत त्याचा कोपरा खचून बाहेर कलला. नंतर दोन इंच चर खणून त्यात चिऱ्याचा चुरा धुमसून बसवला, कोपऱ्यात चिरे एकमेकांना अडवून लावले. दोन थर घालायचे असतील तर सांधमोड ठेवा, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका, नाहीतर वरपासून खालपर्यंत एकच फट पडते.

तळाला आंब्याचा पाला आणि पेंढा, वर माती आणि शेणखत, अशी चाळीसेक घमेली गेली. एक त्रास मात्र आहे. चिरा सच्छिद्र असल्यामुळे उन्हाळ्यात कडेची माती लवकर सुकते. तिथे मी पाल्याचं जाड आच्छादन घालते आणि पाणी आधी कडेने देते.

यंदा तिसरा पावसाळा. चिऱ्यांवर शेवाळ धरलंय, कोपरा हललेला नाही. आत भेंडी कमरेएवढी झाली आहे.