दारातला समुद्र

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात कुणाची मुलगी बारावी झाली की तिचे आईवडील माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "समुद्र तर आपल्या दारातच आहे. तो शिकायला गोव्याला युनिव्हर्सिटीत कशाला जायचं?"

प्रश्न रास्त आहे. माझे आजोबा शाळेत न जाता भरतीची वेळ सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे दर तिथीला पाऊण तास. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पुढे समुद्रविज्ञानाच्या एम.एस्सी.ला भरती-ओहोटीचं गणित शिकले. चंद्रामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, हे फळ्यावर मांडलेलं पाहिलं तेव्हा आजोबांचा पाऊण तास आठवला आणि घसा दाटून आला. समुद्राचं पुष्कळ ज्ञान आपल्या घरात आहे, हे मी आधीच कबूल करते.

पण किनाऱ्यावरून काय दिसत नाही, ते मला एका बाटलीनं दाखवलं.

सप्टेंबर महिना होता. गोव्याच्या किनाऱ्यापासून थोडं आत, 27 मीटर खोलीवर आमची बोट उभी होती. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता. पद्धत 1888 सालची, विंकलरची, आजही तीच शिकवतात. नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. बुडबुडा राहिला तर त्यातली हवाच मोजली जाते. मग त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याची बाटली तपकिरी झाली. तळाजवळच्या पाण्याची बाटली मी हलवली, पुन्हा हलवली. साका पांढराच राहिला. बुचाशी कुजक्या अंड्यांचा हलकासा वास येत होता.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. आमच्या सरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "बरोबर आहे. खाली श्वास घ्यायला काही उरलेलं नाही."

वरून तोच निळा, शांत समुद्र दिसत होता.

असं का होतं, ते समजायला मला एकच विषय पुरला नाही. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरच्या दरम्यान प्राणवायू अगदी कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ भागात वर सरकतं. हे झालं भौतिकशास्त्र. त्याच वेळी पावसाचं आणि मांडवी-झुआरीसारख्या नद्यांचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं पसरतं, त्यामुळे खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. वरचे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरून खाली पडतात आणि ते कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. हे झालं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र. हिवाळ्याकडे प्रवाह बदलतात, पाणी पुन्हा ढवळलं जातं आणि तळाला श्वास मिळतो. हे दरवर्षी घडतं, आणि नद्यांतून येणाऱ्या खतांमुळे ते आणखी बिघडू शकतं. म्हणूनच त्याच जागी, महिन्यामागून महिना, वर्षानुवर्षं जाऊन मोजावं लागतं. या शिक्षणाचा खरा गाभा मला तरी हाच वाटतो. कंटाळा न करता एकाच जागी परत परत जाणं.

नोकरीचंही विचारता, तर थोडक्यात सांगते. गोव्यात दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कोचीची सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळतील याची सूचना देतं, त्सुनामीचा इशाराही तिथूनच येतो. बंदरं आणि कारखान्यांच्या पर्यावरण अहवालांचं काम असतं. जागा फार नाहीत, हे मुलीला आधीच सांगा. आणि तिला गणित नकोसं वाटत असेल, तर नुसत्या माशांच्या आवडीवर निभावणार नाही, हेही सांगा. पोहता येत नसेल तर मात्र अडत नाही.

माझे काका तांडेल आहेत, मासेमारी बोटीचे प्रमुख. त्यांना मी त्या पांढऱ्या बाटलीची गोष्ट सांगितली. नारळी पौर्णिमेनंतर काही दिवस तळाच्या जाळ्यात काहीच का लागत नाही, हे ते वर्षानुवर्षं बघत आलेत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "किती वावावर?"

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, सुमारे पावणेदोन मीटरचं माप. मी मनात मीटरचे वाव केले. म्हटलं, "पंधरा."

ते बराच वेळ खाडीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला बाटल्या इकडे आण. बोट माझी घे."