टोकियोत हरवली, इतवारीत दुरुस्त झाली

टोकियोच्या निशी-कासाई भागात आपली माणसं इतकी, की स्टेशनवर उतरलं की एखादी तरी ओळखीची भाषा कानावर पडतेच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहतो. गणपतीच्या कार्यक्रमाला आजीची एकदाणी घालून मेट्रोने गेले. हॉलमध्ये शिरताच मैत्रीण म्हणाली, "गळा रिकामा का गं?"

पदर झटकला, पर्स उपडी केली, स्टेशनवर विचारून आले. मग कोबान, म्हणजे नाक्यावरची पोलीस चौकी. टोकियोत अशा आठशेच्या वर आहेत. पोलिसाने फॉर्म पुढे केला: वस्तू कोणती, कुठे, केव्हा, किंमत किती. मी एकदाणीचं चित्र काढून दिलं. त्याने विचारलं, मणी किती? मग आईला फोन लावला. नागपूरचं घड्याळ तिथून साडेतीन तास मागे, महाल भागातल्या घरी आईची दुपारची झोप मोडली. तिने मणी, वजन, घडवल्याचं साल सगळं धडाधड सांगितलं आणि मग म्हणाली, "पण काहून विचारून राहिली तू?" फोन कट झाल्याचं नाटक करावं लागलं.

तिथला कायदा मला त्या पोलिसाकडून कळला. सापडलेली वस्तू तीन महिने सांभाळतात (डिसेंबर 2007 च्या आधी सहा महिने सांभाळायचे). मालक आला नाही, तर ती सापडवणाऱ्याची. मालक आला, तर सापडवणारा किमतीच्या 5 ते 20 टक्के बक्षीस मागू शकतो. मेट्रोत, रेल्वेत सापडली असेल तर त्याच्या निम्मं. मोबाइल, कार्डं मात्र सापडवणाऱ्याला कधीच मिळत नाहीत.

काही दिवसांनी पोलिसांचा फोन आला: ईदाबाशीला या. शहरभरच्या हरवलेल्या वस्तू शेवटी तिथल्या केंद्रात येतात, वर्षाला चाळीस लाखांच्या वर. छत्र्या तर विचारूच नका, त्या न्यायला जवळपास कुणी येतच नाही. ओळखपत्र दाखवलं, सही केली, नंबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून एकदाणी समोर आली. खिडकीवरच्या बाईंनी माझं चित्र शेजारी ठेवून मणी मोजले, मगच दिली. सापडवणाऱ्याने बक्षीस नाकारलं होतं, नावही कळवू नका म्हणून सांगितलं होतं. आभार मानायचे ते राहूनच गेले.

"जपानी माणूस फार प्रामाणिक" हे मला पूर्ण पटत नाही. तिथे सायकली सर्रास चोरीला जातात, दुकानाबाहेर ठेवलेली छत्री कुणीही उचलतं. आपल्याकडेही ऑटोत राहिलेली पर्स घरी आणून देणारे ऑटोवाले आहेत. पण पत्ता सापडला नाही, तर ती पर्स नेऊन द्यायची कुठे? तिथे शाळकरी पोरालाही ते ठाऊक असतं, आणि चौकीत त्याला कुणी "तुला कुठे सापडली रे?" असं दरडावत नाही.

दिवाळीत नागपूरला आले, तेव्हा आईसोबत इतवारीच्या सराफ्यात गेले. एकदाणी अडकवायचा आकडा घासून पार झिजला होता. सोनारकाकांनी सगळी कथा ऐकली, भिंग डोळ्याला लावलं आणि विचारलं, "तिकडचे पोलीस एकही पैसा घेत नाही म्हणता?"

"नाही काका."

"आम्ही घेतो," म्हणाले, आणि नवीन आकड्याचं सोनं तराजूत टाकलं. आईने लगेच घासाघीस सुरू केली.