जावयाच्या घरी सहा महिने

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लोक आधी विमानाचं विचारतात, मग थंडीचं, मग तिकडं ज्वारी मिळते का याचं. आणि उठता उठता, आवाज जरा खाली आणून, "पण जावयाच्या घरी इतके महिने राहवतं कसं हो?" उदगीरच्या मोंढ्यात विचारलंय, लग्नाच्या मांडवात विचारलंय. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे बाप, ज्यांच्या लेकी पुणं-हैद्राबाद ओलांडून पुढं निघाल्यात.

प्रश्न रास्त आहे. माझे वडील थोरल्या बहिणीकडं अहमदपूरला जायचे ते सकाळच्या एसटीनं, आणि दुपारच्या एसटीनं परत. मुक्काम नाही. तिला पहिलं लेकरू होईपर्यंत तिच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. ओसरीवर टेकायचे, तेसुद्धा टोपी न काढता.

माझी लेक अमेरिकेत, डॅलसजवळ प्लॅनोला असते. तिथून दुपारची एसटी नाही. माझं निम्मं उत्तर एवढंच आहे.

आम्ही उदगीरकर मुंबईच्या वाटेला जात नाही. मुंबई पाचशे किलोमीटरच्या पुढं, शमशाबादचा विमानतळ दोनशे-सव्वादोनशेवर. बिदर, जहीराबाद, की आलं हैद्राबाद. आजोबांनाही हाच रस्ता पाठ होता, कारण तेव्हा उदगीर निजामाच्या राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होतं. हैद्राबादहून दुबई, तिथं विमान बदलायचं, आणि मग सलग सोळा तासांच्या आसपास डॅलस. जवळपास १३ हजार किलोमीटर. समोरच्या पडद्यावर विमान आधी उत्तरेकडं सरकताना दिसतं आणि माणूस घाबरतो की वाट चुकली. पण पृथ्वी गोल, जवळची वाट तिकडूनच.

त्या विमानात निम्मे आमच्यासारखेच होते, तेलंगणातले आईबाप. शेजारच्या गृहस्थांनी दखनीत विचारलं, "बेटी के पास जारैं क्या?" मी हो म्हणालो. ते मुलाकडं निघाले होते, त्यामुळं मांडी सैल सोडून बसले होते. चाकाच्या खुर्चीवरून त्यांच्याशी थोडा वाद झाला. दुबईला एका भागातून दुसऱ्या भागात जायला आतल्या आतच आगगाडी आहे, पाट्या वाचून वाचून डोकं फिरतं. म्हणून पाय धड असलेली मंडळीही खुर्ची मागून घेतात. इंग्रजी येत नाही म्हणून मागणाऱ्याला मी हसणार नाही. पण गुडघे खरंच गेलेली म्हातारी रांगेत ताटकळते ती यांच्यामुळं, हेही खरं.

बाकी प्रवासाचं थोडक्यात. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. तासा-दीड तासानं उठून फेरी मारायची, नाहीतर पाय सुजतात. तांदूळ नेऊ नका. खापरा भुंगा म्हणून धान्याला लागणारी कीड असते, तिच्या भीतीनं तिकडचे विमानतळावरचे अधिकारी ते काढून घेतात. लोणचं, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी जाते, फक्त विचारलं की खाण्याचं आहे असं खरं सांगायचं. ज्वारीचं पीठ तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं.

डॅलसला उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, कोणाकडं, किती दिवस. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती राहायचं ते तिथं खिडकीवर ठरतं, आणि बहुतेकांना सहा महिने मिळतात. आम्हालाही मिळाले. म्हणजे अमेरिकेच्या सरकारनं राहा म्हणून सांगितलं. आता भावकी काय म्हणेल ती म्हणो.

पहिले दोन-तीन दिवस मी वडिलांसारखाच होतो. सोफ्याच्या कडेला बसायचं, फ्रीजला हात लावायचा नाही, भूक लागली तरी लेकीनं विचारायची वाट बघायची. पण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं असतं. रात्री दोनलाच डोळे टक्क उघडे. सगळं घर झोपलेलं आणि मी अंधारात स्वयंपाकघरात. एकदा पहाटे जावई खाली आले, दिवा लावला, "मामा, चहा टाकतो" म्हणाले आणि टाकलासुद्धा. उदगीरला असं घडलं असतं तर हिनं मला घराबाहेर काढलं असतं. तिथं दोघंच होतो, बघायला कोणी नव्हतं. मीही घेतला. साखर कमी होती, तेही सांगून टाकलं.

तरी नुसता चहा पिऊन सहा महिने निघत नाहीत. हाताला काम लागतं, आणि ते मला मातीनं दिलं. डॅलसच्या आसपासची जमीन काळी, चिकण, आमच्या देवणीकडच्या रानासारखीच. पावसात फुगते, उन्हात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकेकाळी त्या पट्ट्यात कापूसच कापूस होता. आपली काळी माती बेसाल्टची, तिथली चुनखडकाची, वागणं मात्र एक. आता तिच्यावर घरं उभी आहेत, आणि त्यांना खोल पाया नसतो, नुसता काँक्रीटचा सपाट थर. माती आकसली की भिंतीला तडा. म्हणून उन्हाळ्यात लोक घराच्या कडेनं झिरपणारी नळी अंथरतात आणि घराच्या पायाला पाणी पाजतात.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं होतं. ते बघितलेल्या माणसाला हे पाणी बघवत नाही. दोन दिवस मी तिकडं पाठ करूनच बसलो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, कारण जावयांनी नळी भिंतीला चिकटवून टाकली होती आणि पश्चिमेची बाजू, जिथं ऊन जास्त, ती कोरडीच. ठिबक अंथरण्यात माझी अर्धी हयात गेलीय. नळी हातभर लांब ओढली, पहाटे आणि तेवढ्यापुरतंच पाणी सोडायचं ठरवलं. जावई मागं मागं, वही घेऊन. त्या दिवसापासून मी त्या घरात पाहुणा राहिलो नाही. जेवणावर हक्कानं टीका करायला लागलो.

२०२३ मध्ये आम्ही तिथं असतानाच अधिक श्रावण आला. जावयाला धोंडे जेवू घालायचे ते आपल्या घरी बोलावून, आणि इथं तर आम्हीच त्यांच्या घरी. हिनं एक मार्ग काढला. किराणा आमच्या पैशानं, स्वयंपाकघर आजच्या दिवस आमचं, जावयांनी बाहेर जाऊन पुन्हा दारातून आत यायचं. ते गेले, गाडीत बसून कोणाशी तरी फोनवर बोलले आणि घंटी वाजवून आले. औक्षण झालं, पुरणाचे धोंडे झाले, ३३ अनारसे आणि चांदीची वाटी दिली. जेवण झाल्याबरोबर जावईच उठून ताटं धुवायच्या यंत्रात लावायला लागले. हिनं कपाळाला हात लावला.

एक गोष्ट मात्र अवघड जाते, ती व्याह्यांची. नातवाला सांभाळायला सहा महिने ते, सहा महिने आम्ही, अशी पाळी लागलीय. खोली एकच. कपाटात त्यांचं पंचांग असतं, माझा चष्म्याचा जुना डबा. लग्नानंतर आम्ही निवांत भेटलेलो नाही. विहिणींचा सारा संवाद त्या खोलीत ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्यांवरून चालतो, आणि तो नेहमी गोड नसतो. पुढचा अधिक महिना ज्येष्ठ, २०२६ च्या मे-जूनमध्ये. तेव्हा पाळी व्याह्यांची आहे. धोंडे तर सासरवाडीनंच घालायचे. हिचं म्हणणं, महिनाभर आम्हीही जाऊ, हॉलमध्ये झोपू. मी अजून हो म्हटलेलं नाही.