अठराव्या रस्त्यावरचं पिल्सन

शिकागोला आलेल्या आपल्या माणसांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. मिलेनियम पार्क, विलिस टॉवर, नदीतली बोटीची सफर आणि संध्याकाळी डेव्हन अव्हेन्यूवर पोटभर चाट. नेपरव्हिलला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनेही तेच आखून ठेवलं होतं. "पिल्सनला कशाला जायचंय? तिथे काय आहे बघण्यासारखं?" असं विचारत का होईना, ती सोबत आली. नंतर तिथून निघायला तीच तयार नव्हती.

पिल्सन म्हणजे चेक कामगारांनी वसवलेली आणि आज मेक्सिकन म्हणून ओळखली जाणारी शिकागोतली वस्ती. डाउनटाउनमधून पिंक लाइनची गाडी पकडायची आणि 'एटीन्थ' स्टेशनवर उतरायचं. पिल्सन सुरू होतं ते स्टेशनातच. जिना, भिंती, खांब, सगळीकडे रंग. फ्रान्सिस्को मेंडोझा या चित्रकला शिक्षकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून हे स्टेशन रंगवलं. गाडीतून उतरलेली एक आजी नातवाचं बोट धरून रोजच्या सवयीने त्या चित्रांमधून खाली उतरत होती. आम्ही मात्र पायरीपायरीवर थांबत होतो.

वस्तीचं नाव बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन शहराचं आहे. १८७१ च्या मोठ्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळाला, आणि त्यानंतर चेक लोक मोठ्या संख्येने इकडे सरकले. नदीचा दक्षिण फाटा जवळ, त्याच्या काठाने लाकडाच्या वखारी, पुढे मॅकॉर्मिकचा शेती यंत्रांचा कारखाना. काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं, म्हणून घरंही इथेच बांधली गेली.

ही घरं नीट बघावीत अशी आहेत. अठराव्या रस्त्यावरून आतल्या गल्लीत वळलो आणि लक्षात आलं की घरांची अंगणं रस्त्याच्या चांगली हातभर-दोन हात खाली आहेत. फुटपाथवरून घराच्या दारात जायला लहानसा पूल किंवा चार पायऱ्या, आणि पुलाखाली अंगण. दलदलीवर वसलेल्या शिकागोने सांडपाण्याच्या वाहिन्या टाकण्यासाठी रस्तेच उचलून वर घेतले. श्रीमंत भागांतल्या इमारतीही जॅक लावून उचलल्या गेल्या, पण कामगारांच्या घरांसाठी तेवढा खर्च कोण करणार? रस्ता वर गेला, घर जागेवर राहिलं आणि तळमजला अर्धा जमिनीखाली गेला. अशाच एका खालच्या अंगणात एक आजोबा टोमॅटोच्या शेवटच्या वेली उपटत होते. ऑक्टोबर होता, थंडी पडायला लागली होती. पुलाच्या सावलीत तुळशीएवढ्या कुंडीत ग्वादालुपेच्या मातेची मूर्ती, तिच्यापुढे विजेवरची मेणबत्ती. कित्येक भूखंडांवर मागे आणखी एक घर असतं. पुढचं घर भाड्याने द्यायचं, स्वतः मागच्यात राहायचं आणि भाड्यातून कर्ज फेडायचं, हा चेक कामगारांचा हिशोब होता.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यामुळे पिल्सनच्या ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम आलो होतो, ती इथल्या कामगारांची आहे. जुलै १८७७ मध्ये देशभर रेल्वेचा संप पेटला, तेव्हा हॉल्स्टेड स्ट्रीटच्या पुलापाशी पोलीस आणि सैन्य इथल्या कामगारांवर चालून गेले. शिकागोत त्या दिवसांत तीसच्या आसपास माणसं मारली गेली. नऊ वर्षांनी, ३ मे १८८६ रोजी, मॅकॉर्मिकच्या कारखान्याजवळ लाकूड उतरवणाऱ्या हमालांची सभा भरली होती. आठ तासांच्या दिवसासाठी ते संपावर होते. त्यांत चेक आणि जर्मन लोक मोठ्या संख्येने होते, आणि कामगार पुढारी ऑगस्ट स्पाइस बोलत होता. कारखान्याची घंटा झाली, काही जण संपफोड्यांना अडवायला धावले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधाची सभा दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात झाली, तिथे बाँब फुटला आणि पुढे स्पाइससह चौघांना फाशी झाली. शिकागोच्या या लढ्याची आठवण म्हणून १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेने १ मे हा जगभरच्या कामगारांचा दिवस ठरवला. आपल्याकडे त्या तारखेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते आणि कामगार दिन त्यात अनेकदा विसरला जातो. ब्लू आयलंड अव्हेन्यूवर चालताना मला तो विसर फार बोचला.

अठराव्या रस्त्यावर अ‍ॅलपोर्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर थालिया हॉल आहे, १८९२ चा. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं आणि मध्ये चक्क नाट्यगृह. दिवसभर लाकडं ओढणाऱ्यांना आपल्या भाषेतलं नाटक हवं होतं, म्हणून ते उभं राहिलं. मधली कित्येक वर्षं बंद होतं, २०१३ पासून पुन्हा तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. समोरच सेंट प्रोकोपियसचं चर्च. चेक संताचं नाव आणि आत स्पॅनिश प्रार्थना. इथल्या चेक समाजाचं राजकीय वजन किती वाढलं, ते एका नावावरून कळतं. प्रागजवळच्या क्लाद्नोमध्ये जन्मलेला, पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला अँटन सर्मॅक १९३१ मध्ये शिकागोचा महापौर झाला. १९३३ मध्ये मायामीत रूझवेल्टवर झाडलेली गोळी त्याला लागली आणि त्यातच तो गेला. बाविसावा रस्ता आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

मेक्सिकन लोक इथे मोठ्या संख्येने आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांतले बरेच जण जवळच्याच वस्तीतून उठवलेले होते. महामार्ग आणि इलिनॉय विद्यापीठाचा शिकागोतला नवा परिसर यांसाठी घरं पाडली गेली, आणि ती माणसं दक्षिणेला पिल्सनमध्ये आली. १९७० पर्यंत इथली बहुसंख्य वस्ती लॅटिनो झाली होती. पण त्यांच्या मुलांसाठी वस्तीत धड हायस्कूल नव्हतं. आया रस्त्यावर उतरल्या, लढल्या, आणि १९७७ मध्ये बेनितो हुआरेझ हायस्कूल उभं राहिलं.

आणि मग भिंती. सोळाव्या रस्त्याला समांतर रेल्वेचा उंच बांध आहे, त्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर ओळीने चित्रं. मक्याची कणसं, स्थलांतरित मजुरांचे चेहरे, हाडांच्या सापळ्यांची मिरवणूक, सीमेवरचं कुंपण. आम्ही जेवण विसरून ही भिंत चालत राहिलो. ज्यांच्या नावावर घर नाही, कित्येकांकडे कागदपत्रंही नाहीत, त्यांनी या भिंतींवर स्वतःचा सातबारा लिहून ठेवला आहे असं मला वाटलं. सातबाऱ्यात फेरफार होतात, तसे इथेही झाले. रेसीन अव्हेन्यूवरची कासा आस्तलान ही इमारत आधी चेक स्थलांतरितांसाठीचं समाजकेंद्र होती, १९७० च्या सुमारास ती मेक्सिकन वस्तीचं केंद्र बनली. रे पात्लानने तिच्या भिंतींवर आपल्या लोकांचे नायक रंगवले. २०१३ मध्ये केंद्र बंद पडलं, इमारत विकली गेली आणि २०१७ मध्ये फ्लॅट करण्यासाठी ती चित्रं करड्या रंगाखाली गाडली गेली. लोक खवळले. शेवटी पात्लानलाच बोलावून नवं चित्र काढून घ्यावं लागलं. चित्र परत आलं, केंद्र आलं नाही.

पिल्सनचं आजचं दुखणं हेच आहे. डाउनटाउन जवळ, कॅफे सुंदर, म्हणून भाडी चढली आणि २००० नंतर हजारो मेक्सिकन रहिवासी वस्ती सोडून गेले. शहराने इथल्या जुन्या इमारतींना वारसा क्षेत्राचा दर्जा देऊ केला, तर रहिवाशांनीच जोरदार विरोध केला आणि २०२० मध्ये नगरपरिषदेने तो प्रस्ताव फेटाळला. वारशाच्या नियमांनुसार खिडकी-कठडा दुरुस्त करायचा खर्च छोट्या घरमालकाने आणायचा कुठून? मला त्यांचं म्हणणं पटतं. चेकांचे विटांचे कोरीव कठडे जपण्याच्या नादात आत राहणारा माणूसच बाहेर गेला, तर जपलं काय?

हॅरिसन पार्कातलं मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय मात्र ठामपणे उभं आहे. शाळाशिक्षकांनी पुढाकार घेऊन १९८७ मध्ये उघडलेलं, प्रवेश आजही मोफत. आम्ही गेलो तेव्हा मृतांच्या दिवसाचं वार्षिक प्रदर्शन लागलं होतं. गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, साखरेच्या कवट्या आणि झेंडूच झेंडू. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला. एका वेदीवर कुणाच्या तरी आजीचा चष्मा, अर्धवट विणलेला रुमाल आणि कॉफीचा टवका उडालेला मग ठेवला होता. मावसबहीण तिथून बराच वेळ हलली नाही.

जायचं असेल तर सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. रविवारी सकाळी गेलात तर चर्चमधून बाहेर पडणारी गर्दी आणि पानदेरियांतला, म्हणजे मेक्सिकन बेकऱ्यांतला, ताज्या पावांचा वास दोन्ही मिळेल. पानदेरियात शिरलं की दाराजवळची ताटली आणि चिमटा उचलायचा, काचेच्या कपाटातून हवे ते गोड पाव स्वतः घ्यायचे. शंखाच्या नक्षीचा कोंचा चुकवू नका. मांसाहारी असाल तर १९७५ पासून चाललेल्या कार्निटास उरुआपानमध्ये डुकराचं मटण वजनावर मिळतं. शाकाहाऱ्यांनी निवडुंगाचे टाको मागावेत, आणि थंडी असेल तर चंपुराडो हे मक्याच्या पिठाचं गरम पेय. पैसे रोख ठेवा, आणि खर्च करायचाच तर या जुन्या, घरच्या माणसांनी चालवलेल्या दुकानांत करा. भाडं त्यांनाही भरायचं असतं.