तुम्ही विचारलंत म्हणून: मला कुणी उभं केलं?

"खरं सांगा ताई, तुम्हाला कुणी उभं केलं होतं?"

२०२४च्या विधानसभेला मी, एक आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, मराठवाड्यातल्या आमच्या मतदारसंघातून अपक्ष उभी राहिले. निकाल लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागं आहे. एसटीत, पंगतीत, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या पायरीवर. विचारणारा आवाज खाली आणतो, म्हणजे मला कबूल करायला सोपं जावं. काहीजण नावही स्वतःच सुचवतात. मी 'कुणी नाही' म्हटलं की हसून म्हणतात, "बरं, नाव नका सांगू. आकडा तरी सांगा."

तर एकदा लिहूनच टाकते.

मला कुणी उभं केलं नाही. मला आमदार व्हायचं होतं.

हे दुसरं वाक्य मी प्रचारात एकदाही बोलले नाही. तेव्हा म्हणायचे, 'आशांचा आवाज विधानसभेत जावा म्हणून.' ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. ज्या टेबलासमोर उभं राहून वर्षानुवर्षं निवेदनं दिली, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत मला बसायचं होतं. आमच्या तालुक्यात नर्सिंग होमवाले डॉक्टर दर निवडणुकीला गुडघ्याला बाशिंग बांधून असतात. त्यांना कुणी विचारत नाही, कुणी उभं केलं म्हणून. त्यांना विचारतात, "डॉक्टर, तिकिटाचं काय झालं?" डॉक्टरला आमदारकी हवीशी वाटणं साहजिक. आशाला वाटली की तिच्यामागं माणूस शोधायचा.

कुणाची तरी मतं खायला मला उभं केलं म्हणतात, तर आधी त्याचा हिशेब. मला हजारही मतं पडली नाहीत. निवडून आलेल्याचं मताधिक्य पाच आकडी होतं. माझी सगळी मतं उचलून पडलेल्याच्या पदरात टाकली असती तरी तो पडलाच असता. अनामत जप्त झाली, कारण ती वाचवायला एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. खर्चाची मर्यादा ४० लाख होती. माझी खर्चाची वही तपासणाऱ्या साहेबांनी शेवटचं पान उलटून पुन्हा पहिलं काढलं आणि विचारलं, "एवढंच?" चहाचा कप केवढ्याला धरायचा हेही निवडणूक कार्यालयानं ठरवून दिलेलं असतं. माझ्या वहीत चहाच जास्त होता. मला उभं करणारा कुणी असता तर इतका कंजूष निघाला असता का, हे विचारणाऱ्यांनीच सांगावं.

चिन्हाचंही सांगते. तीन पसंत्या द्यायच्या असतात. स्टेथोस्कोप पहिलं लिहिलं होतं, मिळालं शिलाई मशीन. दोन गावांत बायकांनी विचारलं, शिवणक्लास कधी सुरू होणार. उमेदवार एवढे की माझं नाव दुसऱ्या मतदान यंत्रावर गेलं. एका मशीनवर नोटा धरून १६ बटणं. पक्षवाले सगळे पहिल्या मशीनवर, आणि दुसरं मशीन असतं हेच अर्ध्या म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं.

आता फेब्रुवारी २०२४मधली मी. मुंबईच्या आझाद मैदानात आम्ही आशा संपावर, तंबू टाकून होतो. नोव्हेंबर २०२३मध्ये आमच्या महिन्याच्या मानधनात ७००० रुपये वाढ जाहीर झाली होती, पण आदेश निघत नव्हता. तिथं माझ्या हातात माईक आला तेव्हा मी म्हणाले होते, "आम्हाला खुर्ची नको, आम्हाला कामाचा दाम पाहिजे." टाळ्या पडल्या. ती चित्रफीत माझ्या प्रचारात विरोधकांनी गावोगाव फिरवली. 'बघा, तेव्हा काय म्हणत होती.'

काय म्हणत होते? तेव्हा मला वाटायचं, मागणाऱ्यानं मागावं, देणाऱ्यानं द्यावं, आणि आपण दोघांच्या मध्ये जाऊ नये. मग १४ मार्चला आदेश निघाला, लोकसभेची आचारसंहिता लागायच्या दोन दिवस आधी. ७०००चे ५००० झाले होते. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांच्या वाट्याला १००० आले. आदेशाची पीडीएफ मोबाइलवर आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. मीही वाटले. रात्री मात्र हिशेब करत बसले की मधले २००० कुणी कापले. ते कापणारा माणूस कुठल्यातरी खोलीत बसलेला असणार आणि त्या खोलीत आमच्यातलं कुणीच नसणार. तिथून माझ्या डोक्यात हे शिरलं.

मैदानातली मी यावर गप्प बसली नसती. ती म्हणाली असती, 'तू उभी राहिलीस आणि संपात फूट पाडलीस. ज्या बायका तुझ्या शेजारी झोपल्या, त्यातल्या कुणाचा नवरा या पक्षात, कुणाचा दीर त्या पक्षात. तू त्यांना तुझ्यात आणि घरात निवड करायला लावलीस.' यावर माझ्याकडं आजही धड उत्तर नाही. ज्या गटप्रवर्तक बाईंनी मला पहिल्यांदा मोर्चाला नेलं, त्या माझ्याशी आता कामापुरतंच बोलतात. त्यांचं म्हणणं, मी सगळ्यांचा संप माझ्या एकटीच्या पोस्टरवर छापला. पोस्टरवर मैदानातलाच फोटो होता, हे खरं आहे. पण त्या फोटोत मी होते ना?

३० ऑक्टोबरला छाननी. एका उमेदवाराच्या वकिलानं हरकत घेतली की ही बाई सरकारी लाभाच्या पदावर आहे, अर्ज बाद करा. मला हसू आवरेना. वेतन मागितलं की आम्ही स्वयंसेविका. पेन्शन मागितली की मानधनी. तालुक्याच्या कार्यालयात मी आधीच विचारून आले होते की राजीनामा द्यायचा का, तर कुणी लेखी काही द्यायला तयार नव्हतं. आणि इथं एक काळा कोटवाला मला सरकारी नोकर ठरवायला धडपडत होता! निर्णय अधिकाऱ्यांनी हरकत फेटाळली. क्षणभर मला वाटलं, मान्य झाली असती तर तोच कागद घेऊन आम्ही सगळ्याजणी वेतनश्रेणी मागायला गेलो असतो.

त्यानंतर दिवाळी. अर्ज मागं घ्यायची मुदत ४ नोव्हेंबर, दुपारी तीन. भाऊबीज त्याच्या आदल्या दिवशी.

हा भाग मी लिहिणार नव्हते. पण विचारणाऱ्यांत आमच्या भावकीतलेही आहेत आणि त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

माझं माहेर याच मतदारसंघात. अपक्षाला दहा सूचक लागतात, माझ्या दहांतली एक सही माझ्या धाकट्या भावाची होती. मी मागितली नव्हती, तो स्वतः आला होता. म्हणाला, "आक्का, पहिली सही माझी घे." तो साखर कारखान्यात हंगामी कामगार, स्लिप बॉय, म्हणजे उसाच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणारा. कारखाना कुणाच्या हातात आहे हे आमच्याकडं पोरांनाही माहीत असतं. सही करताना त्यालाही माहीत होतं.

भाऊबीजेला मी नेहमीसारखी गेले. आईनं पाट मांडला होता. मी कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. तो खिशात हात घालून बसला होता. मला वाटलं, पाकीट काढतोय. त्यानं घडी केलेला कागद काढून ताटात ठेवला. उलगडला तर उमेदवारी मागं घेण्याचा नमुना. माझं नाव, मतदारसंघाचं नाव, सगळं भरलेलं. अक्षर त्याचं नव्हतं. खाली फक्त माझी सही राहिली होती.

"आक्का, या वेळी ओवाळणी तू मला दे."

मी काहीच बोलले नाही. तो म्हणाला, "तुला तालुक्याला यायचीसुद्धा गरज नाही. सूचक आहे मी. तू लिहून दिलंस की मी नेऊन देऊ शकतो. त्यांनी सगळं सांगितलंय."

"त्यांनी म्हणजे?"

"हंगाम सुरू होतोय. माझं नाव हजेरीवर घेतलेलं नाही अजून. बहिणीला समजावून ये म्हणले, मग बघू. कायम करायचंही बोलले."

आई चुलीपाशी होती. तिकडूनच म्हणाली, "दे की त्याला. त्याला लेकरंबाळं हायेत."

मला नाहीत का, असं मी म्हणाले. आईनं उत्तर दिलं नाही. तिच्या हिशेबात माझी लेकरं माझ्या नवऱ्याची होती.

त्यानं माझे पाय धरले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. तो खाली मान घालून बसला होता, कपाळावर ओलं कुंकू आणि त्यावर चिकटलेल्या अक्षता. मी त्याला विचारलं, "पहिली सही माझी घे म्हणालास, ते?" तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं तू काढून घेशील. सगळेच काढून घेतात. काहीतरी पदरात पाडून घेतात."

म्हणजे माझ्या पाठच्या भावालाही वाटत होतं की मी सौदा करायला उभी आहे. सही केली ती त्या सौद्याला. तुम्ही मला कुणी उभं केलं असं विचारता तेव्हा मला तुमचा एवढा राग का येतो, ते कळलं असेल.

कागदाची घडी घालून मी त्याच्या शर्टाच्या खिशात परत ठेवली. सही केली नाही. तो न जेवता उठला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माझा फोन वाजत होता. नातेवाईक, ओळखीचे, कधी न बोललेले. एकानं तर विचारलं, "किती म्हणजे किती?" तीन वाजून गेले आणि फोन एकदम थांबले.

भावाची त्या हंगामात हजेरी लागली नाही. तो पुण्याकडं गेला, गोदामात माल उतरवायचं काम मिळालं. भावकी म्हणते, बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला. हजेरी मी कापली का? ज्यांनी कापली त्यांच्या दारात जाऊन कुणी विचारत नाही. त्यांचं ते चालतंच, असं सगळे धरून चालतात आणि बोट माझ्याकडं. हे मी भांडून सांगते, आणि पुन्हा सांगेन. पण ताटात कागद पडला तेव्हा पुढं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि हरणार हेही बऱ्यापैकी ठाऊक होतं. मग कशासाठी? कधी वाटतं, सही केली असती तर पुढं प्रत्येक आशाला हाच कागद ताटात मिळाला असता. कधी वाटतं, हे मी नंतर रचलेलं कारण आहे आणि त्या क्षणी मी फक्त हट्टानं बसले होते. भाऊ अजून फोन आईलाच करतो. मी तिथं असले तर आई बोलता बोलता बाहेर जाते.

मतदानाचं थोडक्यात. गाळप १५ नोव्हेंबरला सुरू, मतदान २०ला. ज्या वाड्या-तांड्यांवर मला घरटी ओळखतात, तिथल्या कितीतरी ऊसतोड जोड्या तोवर कोयते घेऊन निघून गेल्या होत्या. मुकादमाची उचल घेतलेली, थांबणार कशा? ज्या मागं राहिल्या, त्यांचे लाडक्या बहिणीचे अर्ज पावसाळ्यात मीच भरले होते, एका अर्जाला ५० रुपये प्रोत्साहन भत्त्यावर. दरमहा १५०० खात्यात आले, तेव्हा त्यांनी मत कुणाला द्यावं हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? मीच आधार लिंक करून दिलं होतं.

नंतर बूथनिहाय आकडे आले. माझ्या स्वतःच्या गावातसुद्धा मी तिसरी. एका बाईला मी सरळ विचारलं. तिच्या लेकीची दोन्ही बाळंतपणं मी रात्री-बेरात्री दवाखान्यात नेऊन केलेली. ती लाजली नाही की चाचरली नाही. म्हणाली, "ताई, तू आमदार झालीस तर मुंबईला जाशील. माझी सून दिवसातली आहे. तिला कोण नेईल?"

दुसऱ्या कुठल्याच उमेदवाराला मत न देण्याचं हे कारण कुणी सांगितलं नसेल. मला राग यायला हवा होता, आला नाही. सुनेचे दिवस भरले तेव्हा मीच घेऊन गेले. मुलगी झाली, पावणेतीन किलो.

आता नवा प्रश्न सुरू झालाय. "झेडपीला उभ्या राहा ना. किंवा आधी ग्रामपंचायत. विधानसभा एकदम मोठी होते हो." विचारणारे भल्यासाठीच सांगतात. डॉक्टरांना असं पायरीपायरीनं चढायला कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि ग्रामपंचायतीत आशांचं मानधन ठरत नाही.

मला अजून विधानसभाच हवी आहे. घरात हे कुणाला सांगितलेलं नाही.